छापा बाजाराचा, पाठ राजाची

नाण्याचं वर्णन लिहायची एक ठरलेली रीत असते. आधी धातू, वजन, व्यास. मग दर्शनी बाजू, मग मागची, मग दोन्हीकडचा लेख, आणि शेवटी नाणं कितपत झिजलंय ते. दर्शनी बाजूवर चेहरा असेल तर तो डावीकडे पाहतो की उजवीकडे, डोक्यावर पानांचा मुकुट आहे की टोपी, मिशा आहेत की नाहीत, हे सगळं दोन ओळींत बसवायचं. घाटकोपर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर नाण्यांच्या एका व्यापाऱ्याची पेढी होती. तिथे मी बरीच वर्षं हे काम केलं. लिलाव जवळ आला की कॅटलॉग लिहायचे, एरवी आलेला माल तपासून, वजन करून, पाकिटांत घालून ठेवायचा.

प्राचीन भारतीय संस्कृती घेऊन एम.ए. केलेल्या मुलीला मुंबईत नोकरी कोण देणार, हा प्रश्न आमच्या बोरिवलीच्या घरात सगळ्यांनाच पडला होता, मलाही. तेव्हा मेट्रो नव्हती. बोरिवलीहून दादर, पूल ओलांडून मध्य रेल्वे, आणि मग घाटकोपर. २०१४ मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरीला उतरून थेट जाता येऊ लागलं. दादरचा पूल सुटला याचा आनंद मला अजून आठवतो.

पेढीचे मालक गुजराती. आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो आणि ते मला बेन म्हणायचे. पुस्तकी शिक्षण त्यांचं फारसं नव्हतं, पण चांदीचं नाणं टेबलावर आपटून आवाजावरून ते ओतीव आहे की ठोकलेलं, हे सांगायचे. ओतीव म्हणजे साच्यात ओतलेलं आणि बहुतेक वेळा खोटं. जुनं खरं नाणं दोन ठशांच्या मध्ये चकती ठेवून हातोड्याने ठोकलेलं असतं. म्हणून त्यावरचं चित्र कधी एका बाजूला सरकतं, कधी कडेबाहेर जातं, आणि चकतीच्या कडेला बारीक चिरा पडतात. भिंगाखाली मी आधी या चिरा शोधायची, चेहरा नंतर. शेठ मात्र नाणं हातात आलं की ते उलटं करायचे. “बेन, तोंड तर सगळ्यांचं सारखंच असते. आधी पाठ बघायची.” सुरुवातीला मला वाटलं, ही व्यापाऱ्याची सवय असेल. त्यात एक सिद्धांत दडलेला आहे, हे हळूहळू समजलं.

माझ्या हातात आलेलं पहिलं रोमन नाणं तिबेरियसचं होतं. चांदीचा दिनारियस, पावणेचार ग्रॅमच्या आतबाहेर. दर्शनी बाजूला पानांचा मुकुट घातलेलं सम्राटाचं मस्तक आणि भोवती त्याचं नाव, सोबत तो दैवी ऑगस्टसचा पुत्र असल्याचा उल्लेख. मागे आसनावर बसलेली एक स्त्री, एका हातात दंड, दुसऱ्यात फांदी. भोवती ‘पाँटिफ मॅक्सिम’, म्हणजे मुख्य पुरोहित. ही बसलेली स्त्री शांतिदेवता, आणि तिच्या रूपात सम्राटाची आई लिव्हिया, असं बरेच अभ्यासक मानतात. तिबेरियसने इ.स. १४ ते ३७ राज्य केलं आणि हा छाप जवळपास तसाच काढत राहिला. ऑगस्टसचं भारतात बरंच सापडणारं एक नाणं आहे. त्याच्या मागे दोन तरुण उभे, मध्ये ढाली आणि भाले. हे त्याचे नातू गायस आणि लुसियस. त्याने त्यांना दत्तक घेऊन वारस नेमलं होतं, आणि ही बातमी साम्राज्यभर पोहोचवायचं काम या नाण्याकडे होतं. लुसियस इ.स. २ मध्ये गेला, गायस ४ मध्ये. म्हातारा ऑगस्टस १४ पर्यंत जगला. वारस राहिले नाहीत, पण त्यांची जाहिरात समुद्रापलीकडे इथे फिरत राहिली.

रोमन नाणी वाचायला शिकलं की जाणवतं, तिथे चेहरा सम्राटाबरोबर बदलतो आणि पाठ काळाबरोबर. कॅलिग्युलाच्या एका मोठ्या पितळी नाण्यावर त्याच्या तीन बहिणी देवतांच्या वेशात उभ्या आहेत. व्हेस्पेशियनच्या नाण्यावर खजुराच्या झाडाखाली एक स्त्री मान खाली घालून बसली आहे. ती म्हणजे जिंकलेला ज्यूंचा प्रांत. टायटसच्या नाण्यावर नव्या बांधलेल्या कोलोसियमची प्रतिमा आहे. नीरोच्या नाण्यावर ऑस्टियाचं बंदर आहे, आत जहाजं. सैनिकाचा पगार, दुकानदाराचा गल्ला, सीमेवरचा कर, सगळीकडून हे नाणं जायचं. अक्षर न येणाऱ्यालाही राजाने काय बांधलं, कोणाला हरवलं, कोणती देवता त्याच्या बाजूला आहे, हे समजायला हवं, अशी त्यामागची योजना होती. अशा नाण्यांची वर्णनं लिहिताना मला कधी कधी सरकारी जाहिरात खात्यात काम करतेय असं वाटायचं.

ही जाहिरात आपल्याकडे पोहोचल्यावर तिचं काय झालं, हे पाहायला रोमन पुस्तकांपेक्षा नाण्यांवरच्या खुणा जास्त कामाला येतात. इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे सागरी मार्गदर्शक आपल्या किनाऱ्यावरच्या भरुच, सोपारा, कल्याण या बंदरांची नावं घेतं. रोमन सोन्याचांदीची नाणी भरुचला स्थानिक चलनात बदलली तर फायदा होतो, असंही ते सांगतं. त्याच शतकात प्लिनीची तक्रार होती, की भारत दर साली साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. ही नाणी दक्षिणेत हंड्यांनी सापडली. त्यांतली पुष्कळ चांदी ऑगस्टस आणि तिबेरियसची आहे. इ.स. ६४ मध्ये नीरोने नाण्यातली चांदी घटवली. आधी एका पौंडात ८४ दिनारियस निघत, ते ९६ निघू लागले, आणि चांदीचा कसही उतरला. इथल्या व्यापाऱ्याला ऑगस्टस किंवा तिबेरियसचा चेहरा दिसला म्हणजे जुनी, भरीव चांदी. सम्राटाची कीर्ती, त्याची आई, त्याचे नातू, यांतलं काहीही त्याला वाचायचं नव्हतं. त्याने चेहरा वाचला तो कसाची खूण म्हणून.

पुदुकोट्टईला १८९८ मध्ये ५०१ रोमन सोन्याची नाणी एका ठेव्यात मिळाली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा आडवा घाव आहे. आत दुसरा धातू नाही ना, हे पाहायला घातलेला तो घाव, असं काहींचं म्हणणं. नाणं म्हणून त्याचा वापर बंद करून त्याला नुसता सोन्याचा तुकडा ठरवण्यासाठी, असं दुसऱ्यांचं. मी अशा घावांच्या फोटोंची वर्णनं लिहिली आहेत. दोन्ही मतांमागे एकच माणूस उभा दिसतो. त्याला सम्राटाचा धाक नव्हता, पण सोन्याचा भाव पक्का ठाऊक होता.

तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, गोष्ट आणखी पुढे गेली. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावात रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदकं सापडली आहेत, गळ्यात घालायला भोक किंवा कडी असलेली. सोनं परवडत नाही, तर त्याच्या छापाची माती. बाजार संपला की छापाचा दागिना होतो, हे तेरच्या कुंभारांना दोन हजार वर्षांपूर्वी समजलं होतं.

आमच्या पेढीचा खरा व्यवहार मात्र रोमन नाण्यांवर चालत नसे, पश्चिम भारतातल्या शक राजांच्या, म्हणजे क्षत्रपांच्या, नाण्यांवर चालायचा. सव्वादोन ग्रॅमच्या आसपास वजन, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा आकार, चांदी. गुजरात, माळवा, उत्तर महाराष्ट्र इथून ती इतकी आली आहेत, की नव्या संग्राहकाच्या वहीत पहिलं प्राचीन नाणं बहुधा यांच्यातलंच असतं. या मालिकेच्या सुरुवातीला नहपान आहे. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारं त्याचं मस्तक, भोवती ग्रीक अक्षरं. भाषा ग्रीक नाही. प्राकृत नाव आणि पदवी ग्रीक लिपीत लिहिली आहे. मागे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठीत तोच मजकूर. एका नाण्यावर तीन लिप्या. ग्रीक अक्षरं आणि वजनाची घडण बहुधा जुन्या इंडो-ग्रीक द्रम्मांवरून आली असावी. पेरिप्लस म्हणतं, की मिनँडर आणि अपोलोडोटस यांचे द्रम्म भरुचच्या बाजारात त्या काळीही चालत होते. मस्तकाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात उघड झाली.

१९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलथेंबी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. सुमारे १३,२५० नाणी. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. इतके नहपान शेजारी शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. ते एकमेकांसारखे नाहीत. कोणी तरुण, कोणी म्हातारा, कोणाचं नाक सरळ, कोणाचं पोपटाच्या चोचीसारखं, कोणाचे गाल भरलेले, कोणाचे बसलेले. सगळ्यांवर नाव मात्र एकच. स्कॉट यांचं मत असं पडलं, की ठसे कोरणाऱ्यांनी समोर राजा बसवला नव्हता. त्यांनी रोमन नाण्यांवरचे चेहरे समोर ठेवले होते.

ही गोष्ट मी वाचली होती. पण पेढीत नहपानाची बरीच नाणी एकदम तबकात आली तेव्हा ती पटली. वर्णन लिहायला बसले आणि दरवेळी चेहरा नव्याने लिहावा लागला. शेवटी “उजवीकडे पाहणारं मस्तक” एवढंच छापून मोकळी झाले. नहपानाचा चेहरा म्हणून आपण ज्याकडे पाहतो, तो कदाचित कुठल्याच एका माणसाचा नाही. चेहरा असणं हीच चांदीच्या नाण्याची अट बाजाराने ठरवली होती, आणि राजाने ती पाळली.

त्याच ठेव्यातली आणखी एक गोष्ट. सुमारे ९,२७० नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर त्याची चांदी वितळवली नाही, तिच्यावर आपली खूण ठोकली. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे चार वर्तुळं जोडणारा क्रॉस. खाली नहपानाचं कपाळ किंवा वज्राचं टोक दिसत राहतं. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, बलश्रीने, कोरवलेल्या लेखात आपल्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश उखडून टाकल्याचा अभिमान आहे. नाणं तो अभिमान जास्त व्यवहारी भाषेत सांगतं. चांदी तीच, मालक नवा.

या नाण्यांची किंमत रोजच्या जगण्यात काय होती, हेही नाशिकच्याच लेण्यात कोरून ठेवलंय. नहपानाचा जावई उषवदात याने ७०,००० कार्षापण दान दिले, आणि ३५ कार्षापणांना एक सुवर्ण या दराने ते २,००० सुवर्ण झाले, असा हिशेब तिथे आहे. आणखी ३,००० कार्षापण त्याने विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवले. त्यांतले २,००० महिन्याला शेकडा एक व्याजाने. वर्षाचे २४० होतात, आणि ते वीस भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२. मला नेहमी वाटायचं, हा हिशेब शेठना दाखवावा. एकदा दाखवलाच. “शंभरावर महिन्याला एक? मग आजच्यापेक्षा फार वेगळं नाय,” म्हणाले. चांदीच्या तुकड्यावरचं वज्र आणि बाण त्या दिवशी त्यांच्या वहीतल्या खात्यांशी जोडले गेले.

नहपानानंतर चष्टनाचा वंश आला आणि त्याने मागची बाजू बदलली. वज्र गेलं. त्या जागी तीन कमानींची टेकडी, तिच्यावर चंद्रकोर, बाजूला सूर्य, खाली नदीची नागमोडी रेघ. सातवाहनांचं चिन्ह शत्रूच्या नाण्यावर, सूर्यचंद्राच्या साक्षीने. दर्शनी बाजू तशीच राहिली, फक्त ग्रीक अक्षरं वाचणारं कोणी उरलं नाही, तशी ती घसरत घसरत नुसत्या उभ्या रेघा झाली. चेहरा राहिला, त्याचं लिखाण मेलं. पुढे मस्तकामागे ब्राह्मी आकड्यांत वर्ष घालायला सुरुवात झाली. या अंकांत शंभराला वेगळं चिन्ह, दहाच्या प्रत्येक पटीला वेगळं, एककांना वेगळं. शून्य नाही. माझं बरंचसं आयुष्य भिंगाखाली हे तीन आकडे ओळखण्यात गेलंय, कारण अनेक राजांची नावं सारखी असल्यामुळे नुसत्या नावावरून राजा ठरवताच येत नाही.

ते वर्ष शकसंवतातलं आहे. त्यात ७८ मिळवले की इसवी सन. पेढीच्या भिंतीवर मराठी कालदर्शिका असायची आणि तिच्यावर शके छापलेलं असायचं. त्या गणतीला आपण शालिवाहन शके म्हणतो, आणि शालिवाहन म्हणजे आपला पैठणचा सातवाहन, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. सातवाहन स्वतः मात्र आपल्या लेखांत राज्यवर्ष मोजत. शकवर्ष चांदीवर ठोकत होते ते त्यांचे शत्रू. गुढीपाडव्याला आपण जी गणती वाचतो, ती आपल्यापर्यंत कशी आली याचा एक पुरावा माझ्या तबकात रोज असायचा, आणि कॅटलॉगमध्ये त्याला एक ओळ मिळायची.

इथपर्यंत आल्यावर शेठच्या “आधी पाठ बघायची”चा अर्थ मला पूर्ण लागला. चष्टनाच्या वंशाचं राज्य चंद्रगुप्त दुसऱ्याने जिंकलं. त्याने पश्चिमेसाठी काढलेल्या चांदीच्या नाण्यांवर दर्शनी बाजूला तेच मस्तक आहे, मागे टेकडीऐवजी गरुड. दक्षिण गुजरात आणि कोकणातल्या त्रैकूटकांच्या नाण्यांवर तेच मस्तक, मागे टेकडी आणि भोवती राजा विष्णुभक्त असल्याचं सांगणारा लांब लेख. सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाच्या नाण्यांवर तेच मस्तक, मागे बसलेला नंदी आणि राजा परममाहेश्वर असल्याची नोंद. पाचशे वर्षांच्या आतबाहेर चेहरा जवळपास तोच राहिला आणि मागे देव बदलत राहिले. दर्शनी बाजू बाजारासाठी होती. लोक जे ओळखतात, त्याला हात लावायचा नाही. राजाला काय म्हणायचंय, ते तो पाठीवर लिही. रोममध्येही पाठ राजाचंच म्हणणं सांगायची, पण तिथे चेहराही त्याचा स्वतःचा असायचा. इथे चेहरा उसना घेतला आणि म्हणणं आपलं ठेवलं.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेल्या दूरच्या जागांबद्दल लिहिते, असं मला बरेच दिवस वाटायचं. मग कान्हेरीच्या लेखांचं पुस्तक हाती आलं, आणि हा सगळा व्यवहार माझ्या घराच्या मागच्या डोंगरात सापडला. तिथल्या एका पाण्याच्या टाक्यावरच्या लेखात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे, आणि ती महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं म्हटलंय. बापाचं नाव ‘रु’नंतर तुटलंय. अभ्यासक त्याला रुद्रदामन मानतात. ज्यांची नाणी एकमेकांवर ठोकली गेली, त्या दोन घराण्यांची सोयरीक बोरिवलीच्या खडकात नोंदलेली आहे. ८१ क्रमांकाच्या लेण्यात यज्ञ सातकर्णीच्या १६ व्या वर्षाचा लेख आहे. कल्याणच्या एका व्यापाऱ्याने लेणं दान केलं, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी २०० कार्षापण ठेवले आणि मंगलथान गावातलं एक शेत दिलं. हे मंगलथान म्हणजे मागाठाणे. आज तिथे मेट्रोचं स्टेशन आहे, आणि शेत कुठे असेल याचा विचारही करवत नाही.

याच यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपात, दगडी पेटीत मिळालं. त्यावर चेहरा आहे. मागे उज्जैन चिन्ह आणि सहा कमानींची टेकडी, आणि दोन बाजूंचे लेख दोन वेगळ्या भाषांत, एक प्राकृत, दुसरी दक्षिणेकडची. त्याच घराण्याची शिशाची आणि तांब्याची नाणी पाहिली तर हत्ती दिसतो, जहाज दिसतं, टेकडी दिसते; चेहरा नाही. घरच्या व्यवहाराला चेहरा लागत नव्हता. चांदी पश्चिमेच्या बाजारात जायची, म्हणून चांदीला लागला. माझा सिद्धांत मला याहून नेमक्या शब्दांत कोणी सांगितला नाही.

कान्हेरीत १८३९ मध्ये मिळालेला ताम्रपट त्रैकूटकांच्या राज्याच्या २४५ व्या वर्षाचा, म्हणजे साधारण इ.स. ४९४-९५ चा आहे. कृष्णराजाची चांदीची नाणी मुंबई आणि साष्टी बेटांवर सापडली आहेत. साष्टी म्हणजे आपली उपनगरं, अंधेरीपासून मुलुंडपर्यंत. जोगेश्वरीचं शैव लेणं त्याच सुमाराचं मानलं जातं. अंधेरीला मेट्रो बदलताना कधीकधी वाटायचं, या जमिनीवर नंदीचं नाणं खिशात घालून कोणीतरी महादेवाला गेलं असेल. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला, त्याला ठाऊकही नसताना, रोमहून निघालेल्या चेहऱ्याचा वंशज असेल.

पेढीत लोक येत. मुलुंडच्या एक आजी सुनेला घेऊन पुतळ्यांची माळ दाखवायला आल्या होत्या. पुतळ्या जुन्या, हातात घेतल्या की व्हेनिसच्या डुकॅटवरून घडवलेल्या लगेच ओळखू येणाऱ्या. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसरीकडे ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. मी सांगितलं. आजी शांतपणे म्हणाल्या, “हा उभा आहे तो राम, आणि पायाशी मारुती. आमच्या सासूबाईंनी सांगितलंय.” सून हसली. मी नाही हसले. व्हेनिसच्या टाकसाळीला जो अर्थ हवा होता तो आजींच्या घरात पोहोचला नाही, पण सोनं पोहोचलं, आणि त्यांनी त्यात स्वतःचा देव पाहिला. राणीछाप रुपयेही असेच येतात. ११.६६ ग्रॅमचा तो रुपया लोक चांदीसाठी जपतात. व्हिक्टोरियाची पदवी काय होती, हे आजवर एकानेही विचारलं नाही.

काही येणारे मात्र नको असायचे. कुठे पाया खणताना मडकं निघालं, मजुरांनी वाटून घेतलं, त्यातली मूठभर कोणी घेऊन यायचं. शेठ हात लावत नसत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. पण मला कायद्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं वाईट वाटायचं. जोगलथेंबीची १३,००० नाणी एकत्र राहिली, म्हणून नहपानाचे अनेक चेहरे आणि गौतमीपुत्राचा ठसा जगासमोर आला. वाटून गेली असती तर प्रत्येक नाणं एक सुटं डोकं झालं असतं.

१९५० मध्ये आपण रुपयावरून राजाचं डोकं काढलं. पुढे अशोकस्तंभाचे सिंह आले, मागे रुपयावर गव्हाच्या लोंब्या, आण्यावर बैल, पैशावर घोडा. बाजाराला लागलेली चेहऱ्याची सवय एका झटक्यात मोडली आणि रुपया चालला. नोटेवर गांधीजी आल्यावर चेहरा परत आला, पण तो राज्य करणाऱ्याचा नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

आता मी पेढीवर जात नाही. संग्रह सुरू करणारी कॉलेजची मुलं मात्र घरी येतात. परवा मुलुंडचा एक मुलगा विचारत होता, पहिलं नाणं रोमन घेऊ का? मी म्हटलं, क्षत्रपाचं घे. रोमन घेतलंस तर सम्राटाचं नाव वाचशील आणि पाकिटात ठेवशील. क्षत्रपाचं घेतलंस तर मस्तकामागचे आकडे वाचायला शिकशील, त्यात ७८ मिळवशील, नाणं उलटं करून टेकडी, चंद्र, नदी पाहशील, आणि हे नेमकं कोणाला पटवायला काढलं होतं, असा प्रश्न तुला पडेल. शिवाय रोमही त्याच नाण्यात आहे, शोधायची तयारी असेल तर. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, पण रोमन नाण्याचा फोटो टाकला की इन्स्टाग्रामवर लाइक्स जास्त येतात.” बरोबर आहे त्याचं. बाजार अजूनही तोंड बघूनच चालतो.